अलीकडे म्हणजे कुठे

सत्तावीस वर्षं ती एका खिडकीत बसली. मुख्य बसस्थानकातली खिडकी. वर पिवळ्या रंगात ठसठशीत 'चौकशी' असं रंगवलेलं, आणि काचेला खाली हात जाईल एवढं अर्धगोल भोक. लोक बोलताना कपाळ काचेला टेकवत. संध्याकाळपर्यंत काचेवर कपाळांचे डाग उमटत, उंच माणसांचे वर, बुटक्यांचे खाली आणि अगदी तळाशी पोरांच्या नाकांचे. रोज सकाळी जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्याने ते डाग पुसायचे आणि मग खुर्चीत टेकायचं, हा तिचा नेम.

वेळापत्रक ड्रॉवरमध्ये असायचं. ते तिने उघडलेलं कुणी पाहिलं नाही.

"माणूस विचारतो, गाडी किती वाजता," ती घरी सांगायची, "पण त्याला हवं असतं दुसरंच. मी वेळेत पोचेन ना, हे त्याला हवं असतं. दोन्हींची उत्तरं द्यावी लागतात."

घरी म्हणजे मास्तरांना. मास्तर तिचे यजमान, पुरुषांच्या पँटी शिवणारे टेलर. पुढच्या खोलीत मशीन आणि कापायचं टेबल, मागच्या दोन खोल्यांत संसार. टाचण्या ओठांत धरून बोलायची त्यांना सवय, त्यामुळे त्यांचा प्रत्येक विनोद दातांतून गाळून बाहेर यायचा. "आमच्या घरात सत्तावीस वर्षं चौकशी चालू आहे," ते गिऱ्हाइकांना सांगत. "आरोप काय आहे ते मात्र अजून कळलं नाही."

मग स्थानकात विजेची पाटी आली. लाल अक्षरं आपली आपण सरकत, गाडी, वेळ, फलाट सगळं सांगत. कानामागून आली आणि तिखट झाली. सहा महिन्यांत खिडकीला आतून प्लायवूड ठोकलं आणि तिला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. तिथे छत्र्या होत्या, एक सतार होती आणि प्रश्न विचारायला कुणीच नव्हतं. वर्षभर तिने छत्र्यांची सोबत केली आणि मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

घरी बसल्यावर तिचं काय झालं हे मास्तरांना विचारावं. "कात्री कुठे आहे?" असं त्यांनी म्हणायचा अवकाश, "मशीनच्या पायापाशी, निळ्या कापडाखाली, मूठ भिंतीकडे," असं स्वयंपाकघरातून यायचं. कात्री नेमकी तिथेच असायची. मास्तर टाचण्या काढून म्हणायचे, "बाईसाहेब, मला आता फलाट नंबरही सांगा."

ती हसायची. पण दुपारी काच नसलेल्या घरात वर्तमानपत्राचा बोळा हातात घेऊन ती कधी कधी उगाच उभी राहायची, हे मास्तरांनी पाहिलं होतं. त्यांनी त्यावर विनोद केला नाही.

*

भाची आली ती अशा दिवसांत. तिच्या मोठ्या बहिणीची मुलगी. बहीण खाली बंदराच्या शहरात राहायची; भाची इथे वरच्या शहरात नोकरीला. दर शुक्रवारी ती आपली छोटी गाडी काढून सहा तास चालवत आईकडे जायची आणि रविवारी परत यायची. चार जागांपैकी तीन रिकाम्या.

"मावशी, पूर्ण रस्ताभर बघते," भाची म्हणाली, "प्रत्येक गाडीत एक माणूस. आणि तुझ्या त्या स्थानकात लोक बसच्या दाराला लोंबकळतायत. मी एक वेबसाइट केली आहे. गाडीवाल्याने लिहायचं, मी अमुक दिवशी निघतोय, इतक्या जागा आहेत. ज्याला जायचंय त्याने जागा धरायची. इंधनाचा खर्च वाटून घ्यायचा."

"अनोळखी माणसाच्या गाडीत कोण बसेल?"

"हाच प्रश्न सगळे फोन करून विचारतात. म्हणून तर आले. चार दिवस फोन घेशील?"

ते चार दिवस सात वर्षं चालले.

कंपनीचं नाव काहीतरी परकं, उच्चारायला जीभ वळवावी लागेल असं होतं. ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिन्यात रबराचा वास, आणि खालचा हवा भरायचा पंप सुरू झाला की फोनवर ओरडून बोलावं लागे. पहिल्या आठवड्यात अकरा प्रवास झाले. त्यातले चार भाचीच्या मैत्रिणींचे. मावशीने मात्र अकराही जणांना आदल्या दिवशी फोन केला होता. गाडीवाल्याला विचारायची, "गाणी लावता का? खिडकी उघडी लागते का? मध्ये कितीदा थांबता?" आणि मग बसणाऱ्याला सांगायची, "माणूस कमी बोलतो, पण गाडी सावकाश हाकतो. तुम्हाला झोप काढायची असेल तर याच्यासारखा सोबती नाही." आवाजावरून ओळखायची. सत्तावीस वर्षांत तिने दुसरं काय केलं होतं?

चेहरा नसलेल्या कंपनीला असा एक आवाज मिळाला. लोक नाव विसरत आणि म्हणत, "मावशीच्या गाडीने आलो." अकराचे चाळीस झाले, चाळीसचे तीनशे. एक दिवस खालच्या टायरवाल्याने वर येऊन विचारलं, "ताई, माझीही गाडी दर सोमवारी बंदराला माल आणायला रिकामी जाते, लिहून घेता का?" तेव्हा भाचीने मावशीला मिठी मारली. जिन्याखालचा माणूस आला म्हणजे आता कुणीही येईल, असं तिचं म्हणणं.

*

दुसऱ्या वर्षी ती चूक झाली.

रस्त्याच्या बरोबर मध्यावर मोठी नदी आहे आणि नदीवर लांबलचक पूल. तिथे बसायला-उतरायला बरेच जण असत. भेटण्याच्या जागा मावशीच लिहायची. पुलासाठी तिने लिहिलं होतं : 'पुलाच्या अलीकडे, चहाच्या टपरीपाशी.' सरळ, सोपं.

एका गुरुवारी सकाळी एका नर्सला तिथून वरच्या शहरात यायचं होतं. मोठ्या इस्पितळात मुलाखत होती, दहा वाजता. गाडीवाला बंदराकडून निघालेला, वेळेचा पक्का. सात वाजता फोन वाजला.

"मावशी, गाडी आली नाही हो. मी केव्हाची उभी आहे."

मावशीने गाडीवाल्याला फोन लावला. तो तापलेला. "मी वीस मिनिटं झाली थांबलोय. तुमचीच बाई आली नाही."

"तुम्ही कुठे आहात?"

"पुलाच्या अलीकडे. टपरीपाशी."

तिने नर्सला विचारलं, "बाळ, तू कुठे आहेस?"

"पुलाच्या अलीकडे, मावशी. टपरीपाशीच तर आहे."

दोघंही खरं बोलत होते, हे तिला आवाजावरून कळत होतं. तरी एकाची दुसऱ्याशी गाठ नाही. तिने एका कानाला एक फोन आणि दुसऱ्या कानाला दुसरा लावला. खाली पंप सुरू झाला. तिघंही ओरडायला लागली. नर्स म्हणाली, टपरीवाल्याचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट आहे. गाडीवाला म्हणाला, खोटं, इथला टपरीवाला म्हातारा आहे आणि त्याने बनियन घातलंय.

"दोन टपऱ्या!" मावशी खुर्चीतून उठलीच.

पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक टपरी होती. बंदराकडून येणाऱ्याची अलीकडची बाजू ती, वरून जाणाऱ्याची ही. नर्सचं गाव नदीच्या या अंगाला. मध्ये पाणी, आणि पाण्यापलीकडे एकमेकांना ठिपक्याएवढी दिसणारी दोन माणसं, पाऊण तास एकमेकांना शिव्या घालत उभी. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

नर्स दहा मिनिटं उशिरा पोचली. नोकरी मिळाली, पण ती मिळेपर्यंत मावशीच्या घशाखाली चहा उतरला नाही.

संध्याकाळी तिने मास्तरांना सगळं सांगितलं. "मी चुकलेच कशी? जन्मभर हाच शब्द वापरला. पुलाच्या अलीकडे उतरा, टाकीच्या पलीकडे उतरा. एक माणूस कधी चुकला नाही."

मास्तर एका पँटीची उंची मोजत होते. टाचण्यांतून म्हणाले, "तेव्हा तू खिडकीत होतीस."

"मग?"

"मग काय. सगळं शहर तुझ्या काचेपासून निघत होतं. अलीकडे म्हणजे तुझ्या अलीकडे. आता तुला खिडकी नाही. पोरीचं ऑफिस टायरवर आहे आणि माणसं कुठूनही निघतात." त्यांनी टाचणी कापडात खोचली. "पँटीचंही तसंच आहे. उंची कुठून मोजायची हे आधी ठरवावं लागतं, मग फूटपट्टी."

एका साध्या शब्दाच्या पोटात आपण बसलेली जागा लपलेली असते, आणि जागा सुटली तरी शब्द तोंडात तसाच राहतो, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने एक लांबट वही आणली. पहिल्या पानावर बाद शब्द लिहिले : अलीकडे, पलीकडे, समोर, मागे, जवळच, थोडं पुढे, डावीकडे, उजवीकडे.

"मग राहिलं काय?" भाचीने विचारलं.

"जे आहे ते राहिलं."

आणि ती लिहायला बसली. रस्त्यावरच्या लोकांना फोन करून, चालवणाऱ्यांना विचारून, टपऱ्यांवर, पेट्रोलपंपांवर, दुकानांत चौकशी करून. 'पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टवाल्याची टपरी' असं लिहून तिने स्वतःच खोडलं, कारण शर्ट धुवायला जातो. 'निळ्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत' लिहिलं तेव्हा मास्तर म्हणाले, "सावली दुपारी घर बदलते, बाईसाहेब." तेही खोडलं. पुलापाशी शेवटी ठरलं : 'ज्या टोकाला दगडी खांबावर पुलाचं साल कोरलं आहे, त्या खांबाच्या पायरीवर.' साल दुसऱ्या टोकाला नव्हतं. तिने तीनदा खात्री केली.

वही भरत गेली. प्रत्येक जागेला एक ओळ, आणि वेबसाइटवर जागेच्या नावाखाली ती ओळ दिसायची. लोक तिला 'खूण' म्हणू लागले. 'खूण काय आहे?' असं आधी विचारायचं आणि मग निघायचं.

*

कंपनी वाढली, तशी टायरचा वास मागे पडला. आता एका नव्या इमारतीचा अख्खा चौथा मजला, काचेच्या भिंती, लिफ्ट. मावशी पहिल्या दिवशी आत शिरली, भिंतीवर आपल्या कपाळाचा डाग उमटवून बसली आणि मग स्वतःच पुसला. मोबाईलवर ॲप आलं. तिसरं शहर, चौथं शहर, डोंगराकडचा रस्ता. एका शुक्रवारी एका दिवसात हजार प्रवास झाले, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी टाळ्या वाजवू शकली नाही. तिच्या दोन्ही हातांत फोन होते.

सातव्या वर्षी नकाशेवाला आला. तीस-एक वर्षांचा, उंच, बोलताना हवेत बोटाने रेघा काढणारा इंजिनीयर. नकाशावरच्या लाल टिंबावर त्याची श्रद्धा होती. भेटायची जागा म्हणजे टिंब. दोघांनी टिंबाकडे चालत यायचं, संपलं.

"मावशी, टिंब तीन मीटरपर्यंत अचूक आहे," तो म्हणाला.

"अरे बाबा, तीन मीटरमध्ये घराची आतली आणि बाहेरची बाजू दोन्ही येतात."

तो हसला, पण आपलं म्हणणं त्याने सोडलं नाही. आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, ही खरी अडचण. नव्या रस्त्यांवर आठवड्याला शंभर जागा वाढत होत्या. मावशीची वही आठवड्याला नऊ ओळींनी वाढत होती.

एका रविवारी सकाळी भाची घरी आली आणि नेहमीसारखी कापायच्या टेबलावर चढून बसली. पाय हलवत राहिली. लहानपणी काही फोडलं की ती अशीच बसायची.

"बोल," मावशी म्हणाली.

"मावशी, एक तारखेपासून फोन बंद करायचं चाललंय. नव्या रस्त्यांवर नुसती टिंबं. खुणा जुन्या राहतील, नव्या लिहायच्या नाहीत. तुला मी कुठेही बसवीन. हवं ते पद देते. सल्लागार..."

"हरवलेल्या सामानाच्या खोलीत का?"

भाचीचे पाय थांबले. मास्तरांच्या मशीनचंही चाक थांबलं.

एक खिडकी बंद झाली ती तिने सोसली होती. पण दुसऱ्यांदा तेच, तेही आपल्या माणसांकडून, आणि तेही इतक्या प्रेमाने, हे तिला झेपेल असं वाटत नव्हतं. तिला पद नको होतं. लोक वाटेत असताना आपला उपयोग व्हावा, एवढंच हवं होतं. तेवढंच निघून चाललं होतं.

"माझी हरकत काय आहे ते तुला कळतं का?" ती म्हणाली. "मी बसायला जागा मागत नाही. माणूस उभा कुठे राहणार, ते विचारते आहे."

"आणि मला सांग," भाचीही आता चिडली होती, "सात वर्षांत तू एकदा तरी आपल्या गाडीत बसलीस? माझी आई किती वर्षं बोलावते आहे तुला! सगळ्या जगाला वाटेला लावतेस आणि स्वतः उंबरा ओलांडत नाहीस. टिंब चालतं की नाही हे तुला कुठून कळणार?"

खिडकीत बसणारी माणसं गाडीत बसत नाहीत, हे तिच्याबाबतीत अक्षरशः खरं होतं.

"शनिवारची जागा धर," ती म्हणाली. "नव्या रस्त्याने. नुसत्या टिंबावर. आणि तुझ्या त्या नकाशेवाल्यालाही बसव."

मास्तरांनी टाचण्या काढल्या. "परत कधी?" त्यांनी विचारलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच विचारावा लागत होता.

*

शनिवारी सकाळी आठ वाजता गाडी आली. चालवणारे गृहस्थ वजनकाटे तपासणारे साहेब होते. दुकानांतले, गिरण्यांतले काटे खरे आहेत की नाहीत ते बघत फिरायचं, हे त्यांचं काम. इस्त्रीचा शर्ट, मोजकं बोलणं. मावशीला त्यांनी ओळखलं नाही आणि तिने ओळख दिली नाही. ती पुढे बसली, नकाशेवाला मागे, गुडघे हनुवटीपाशी घेऊन.

पहिला तास जुन्या रस्त्याचाच होता आणि ती नुसती बघत होती. जी नावं तिने लाखो वेळा उच्चारली होती ती एकेक करून खरी होऊन समोर येत होती. फाट्यावरचं वडाचं झाड तिने कल्पनेत फार मोठं केलं होतं. साबणाच्या कारखान्याला खरोखरच साबणाचा वास होता. निळी टाकी दिसली तेव्हा ती "अगं बाई!" म्हणाली, जणू वर्गमैत्रीणच भेटली.

"पहिल्यांदाच येताय का या बाजूला?" साहेबांनी विचारलं.

"पहिल्यांदाच," ती म्हणाली. "पण सगळं ओळखीचं आहे."

साहेबांनी यावर विचार केला आणि गियर बदलला.

अकराच्या सुमाराला नव्या रस्त्यावर चौथ्या माणसाला घ्यायचं होतं. एक आजोबा. नकाशेवाल्याने मोबाईल पुढे करून दाखवलं : हे टिंब, हे आपण. गाडी टिंबावर आली, कडेला लागली. तिथे चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना कठडा आणि सरळ रस्ता.

पाच मिनिटं गेली. नकाशेवाल्याने फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा.

"आजोबा, आम्ही टिंबावर आहोत. तुम्ही कुठे आहात?"

"मीही टिंबावरच आहे की!" पलीकडून खणखणीत आवाज आला. "टिंब अगदी माझ्या टाळक्यावर आहे. तुम्ही फसवाफसवी करू नका, मी हातात भिंतीवरचं घड्याळ घेऊन उभा आहे. जड आहे ते."

नकाशेवाला गाडीतून उतरला, इकडे गेला, तिकडे गेला. मोबाईल वर धरला, तिरका धरला. आजोबांचा आवाज चढत होता. "मुलाला म्हटलं होतं, बसने पाठव. ऐकतंय कोण!"

"मला द्या," मावशी म्हणाली.

फोन कानाला लागला तसा तिचा आवाज बदलला. म्हणजे तो मूळचा झाला. "आजोबा, घड्याळ खाली ठेवा आधी. ठेवलं? आता टिंबाकडे बघू नका. तुमच्या आसपास काय आहे ते सांगा."

"काय असणार? एक जाडजूड खांब आहे. एक पंक्चरवाला आहे, तोही झोपलाय."

"ऊन लागतंय?"

"छे. छान गारवा आहे."

"ऐकू काय येतंय?"

आजोबा थांबले. "गाड्या," ते म्हणाले. "डोक्यावरून गाड्या जातायत."

मावशीने फोन मांडीवर ठेवला आणि नकाशेवाल्याकडे वळून बघितलं. त्याने कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. तो उड्डाणपूल होता. आजोबा त्याच टिंबावर, वीस हात खाली, घड्याळासकट उभे होते.

नकाशेवाला सरळ झाला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मग तो एकदम हसायला लागला, इतका की कठड्याला धरावं लागलं. "नकाशाला वर-खाली कळतच नाही," तो म्हणाला. "मावशी, मी वर-खाली विसरलो!"

"मी या टोकाचं आणि त्या टोकाचं विसरले होते," ती म्हणाली. "चालायचंच."

साहेबांनी कितीतरी वेळाने तोंड उघडलं. "काटा खरा असतो," ते म्हणाले. "पारड्यात काय ठेवलंय ते काट्याला कळत नाही. ते माणसाने सांगायचं."

वळसा घालून, खाली उतरून, आजोबांना घेतलं. घड्याळ मावशीच्या मांडीवर आलं. आजोबा बसताबसता म्हणाले, "पुढच्या वेळी सांगून ठेवा लोकांना : गाड्या डोक्यावरून जातात तो खांब, पंक्चरवाल्यापाशी, खांबावर सत्तेचाळीस आकडा आहे."

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. खूण. तयार, खणखणीत, एक शब्द बाद करायला नको अशी. तिला ती लिहायला कितीतरी फोन करावे लागले असते, आणि हा माणूस तिथे उभा होता म्हणून त्याला ती फुकट मिळाली होती.

उरलेला रस्ताभर घड्याळ तिच्या मांडीवर टिकटिकत होतं आणि ती काहीतरी जुळवत होती. बंदराच्या वेशीवर तिने मागे वळून विचारलं, "अरे, माणूस गाडीतून उतरला की ॲप त्याला काही विचारतं ना?"

"हो. प्रवास कसा झाला, तारे द्या."

"तारे राहू देत. एक प्रश्न आणखी विचारता येईल? तुम्ही उभे होतात, तिथून काय दिसत होतं?"

नकाशेवाल्याचं बोट हवेत उठलं, एक रेघ काढली आणि मध्येच थांबलं. "हजार जण रोज," तो सावकाश म्हणाला. "मावशी, हजार खुणा रोज."

"त्यातल्या नऊशे भिकार असतील," ती म्हणाली. "लोक लिहितील, लाल गाडी उभी आहे तिथे. कुणीतरी बसून निवडायला लागेल."

बहिणीच्या दारात ती उतरली तेव्हा बहीण बघतच राहिली आणि मग म्हणाली, "वाट चुकलीस की काय?"

"नाही," मावशी म्हणाली, "सापडली." आणि दोघी हसल्या, रडल्या, मग आत जाऊन चहा टाकला.

*

एक तारखेला फोन बंद झाला. मावशीनेच त्याची वायर काढली, गुंडाळली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली, पूर्वी खिडकीपाशी वेळापत्रक असायचं तशी. तिला वाईट वाटेल म्हणून भाची चार वेळा येऊन गेली. पाचव्यांदा आली तेव्हा मावशी म्हणाली, "तुझी सावली पडते पडद्यावर, सरक."

तिच्यापुढे आता संगणकाचा पडदा असतो आणि त्यावर खुणा येत राहतात. ज्या रस्त्यांवर ती कधी गेली नाही तिथून, जी माणसं तिला कधी भेटणार नाहीत त्यांच्याकडून. 'जिथे दोन पत्रपेट्या शेजारीशेजारी आहेत आणि एकच उघडी आहे.' पास. 'शाळेची भिंत, नकाशा काढलेली, समुद्र जास्त निळा आहे.' पास, तिने त्यावर एक क्षण जास्त घालवला. 'केस कापायच्या दुकानात खुर्चीवर मांजर बसतं तिथे.' नापास : मांजर उठून जाईल. नकाशेवाला शेजारच्या टेबलावरून ओरडतो, "मावशी, मांजर राहू द्या ना!" "मांजराला विचार," ती म्हणते.

बाद शब्दांचं पान तिने वहीतून कापून पडद्याच्या कडेला चिकटवलं आहे. आता महिन्यातून एकदा ती बंदराला जाते. मास्तरही एकदा आले, रस्ताभर टाचण्यांशिवाय बोलले, आणि वजनकाट्यांच्या साहेबांच्या पँटीचं माप घेऊन आले.

गेल्या आठवड्यात शहरातल्या शहरातून एक खूण आली. कुणीतरी मुख्य बसस्थानकापाशी गाडीत बसलं होतं. लिहिलं होतं : 'जुन्या खिडकीच्या अलीकडे. खिडकी बंद आहे, पण वर पिवळ्या रंगात चौकशी असं अजून वाचता येतं.'

मावशीने ती ओळ दोनदा वाचली. ओढणीच्या टोकाने चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. प्लायवूड ठोकलेली खिडकी हलणार नव्हती, धुवायला जाणार नव्हती, दुपारी घर बदलणार नव्हती. खूण पक्की होती.

तिने 'अलीकडे' खोडलं, 'खाली' केलं, आणि पास केलं.